दुपारी कुलूप असलेली खाणावळ

नगरपालिकेच्या परवाना विभागातला धाकटा कारकून त्या दिवसांत जरा हवेतच होता. संध्याकाळच्या धंद्यांसाठी नवी सोपी पद्धत त्यानेच सुचवली होती आणि साहेबांनी ती चक्क मान्य केली होती. दुकानदारांनी ऑफिसात खेटे घालायचे नाहीत, तपासनीसच दारी जाणार. दुकान चालू दिसलं की परवाना पुढे चालू. बंद मिळालं तर पुन्हा एक भेट, आणि तेव्हाही बंदच असेल तर धंदा गुंडाळला असं समजून परवाना रद्द. काय वाईट आहे यात? त्यालाही काही दिसलं नाही.

दिसणार तरी कसं? तपासनीस निघतात सकाळचा चहा पिऊन आणि दिवस मावळायच्या आत घरी. संध्याकाळच्या धंद्यांना संध्याकाळी भेटावं, एवढी साधी गोष्ट अख्ख्या विभागात कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. अक्कल वाटत होते तेव्हा ही मंडळी बहुतेक जेवायच्या सुट्टीवर होती. बाकीच्यांचं एक वेळ सोडा हो, पण धाकट्याला तरी कळायला हवं होतं. त्याची सख्खी वहिनी हॉस्पिटलसमोर खाणावळ चालवते, ती दिवे लागल्यावरच उघडते. ड्युटी संपलेल्या नर्सा, गाड्या लावून आलेले बसचे ड्रायव्हर, पेशंटजवळ बसून कंटाळलेले नातेवाईक तिथे येऊन चार घास गरम खातात. आणि हा पठ्ठ्या स्वतः ऑफिस सुटलं की रोज तिथेच, शेगडीजवळच्या टेबलाशी जेवायला.

व्हायचं तेच झालं. तपासनीस दोनदा भर दुपारी गेला आणि दोनदा कुलूप बघून आला. परवाना रद्द का करू नये, म्हणून वहिनीला सुनावणीला बोलावलं. ते सांगायची पाळी धाकट्यावरच आली.

“तू रोज इथे जेवतोस,” वहिनी कांदा चिरता चिरता म्हणाली. “तुझ्या डोक्यात कसं नाही आलं रे?”

“मी येतो तेव्हा उघडीच असते ना,” धाकटा म्हणाला. “बंद कधी बघितलीच नाही.”

यावर वहिनी हसली, पण कांदा चिरायची थांबली नाही. दादा गेल्यापासून याच खाणावळीवर तिचं घर चालत होतं. धाकट्याचं शिक्षणही याच शेगडीवर झालं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. “साहेब, धंद्याची वेळ दुकानदाराने सांगायची आणि आपण त्या वेळेला जायचं, असं करू या.”

“आणि संध्याकाळी जाणार कोण?”

“मी जातो.”

“स्वतःच्या वहिनीची तपासणी तुम्ही करणार? लोक तोंडात शेण घालतील आपल्या. पद्धत बदलू हो, पुढच्या वर्षी बघू. आता आहे त्या नियमाने सुनावणी होऊ द्या.”

सुनावणीला खोलीत तिघंच होते. साहेब, वहिनी आणि लिहून घ्यायला धाकटा.

“खाणावळ रोज चालते म्हणता,” साहेब म्हणाले. “पुरावा काय?”

“नर्सांना विचारा.”

“गिऱ्हाईकं काय, तुमच्याच बाजूने बोलणार. आमच्या ऑफिसातल्या कुणी उघडी बघितलीय का?”

धाकट्याने प्रश्न लिहून घेतला. मी बघितलीय, रोज बघतो, एवढं म्हटलं की परवाना वाचत होता. पण पुढचा प्रश्न त्याला आत्ताच ऐकू येत होता. जेवणाचं बिल देता का? आईमागे जिने वाढवलं, तिच्याकडे बिल कसलं मागायचं आणि द्यायचं? घरात कुणी असला विचार करत नाही. ऑफिसात मात्र त्याला परवाना खात्याचा माणूस फुकट जेवतो असं म्हणतात. नोकरी गेली असती. तरी बोलायचं, असं ठरवूनच तो आला होता. पेन खाली ठेवून तो उठला.

“साहेब, मी…”

“नाही साहेब,” वहिनी मध्येच म्हणाली. “ऑफिसातलं कुणी येत नाही माझ्याकडे. हे माझे दीर आहेत खरे, पण यांनी खाणावळीची पायरी कधी चढलेली नाही.”

जन्मात तिने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं. साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“बरोबर?”

वहिनी टेबलाकडे बघत होती. अजूनही बोलता आलं असतं. धाकटा भ्याला, सरळ सांगायचं तर भ्याला.

“बरोबर, साहेब,” तो म्हणाला. मग खाली बसून ते त्याला स्वतःच्या हाताने लिहून घ्यावं लागलं. परवाना रद्द झाला.

जिन्यात त्याने तिला गाठलं. “वहिनी, मी सांगणार होतो गं.”

“माहीत आहे. म्हणून तर बोलले.”

“मग नंतर तरी मी…”

“राहू दे आता.” ती पदर सावरत चार पायऱ्या उतरली आणि थांबली. “संध्याकाळी जेवायला घरी ये. बाहेर काहीबाही खात बसू नकोस.”

तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकटा कसंबसं “बरं” म्हणाला आणि वर परवाना विभागात गेला. तपासनिसासाठी उद्याच्या भेटी लावून द्यायच्या होत्या, आणि त्या सगळ्या दुपारच्या होत्या.