पोटात शिट्टी नसलेला ससा

नवी ऑर्डर आली तेव्हा बाई इतक्या हुरळून गेल्या की पत्राची शेवटची ओळ त्यांनी वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी वाचली. लिहिलं होतं, खेळण्यांच्या पोटात शिट्टी नको, आईबाप वैतागतात.

बाईंचा कारखाना म्हणजे दोन खोल्या. आत काका कापड कापायचे आणि मशीनवर शिवायचे. बाहेर खिडकीपाशी दोघी सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी, समोरासमोर बसून सशा-अस्वलांच्या पोटात कापूस भरायच्या, शिट्टी बसवायच्या, हातानं टाके घालून पोट बंद करायच्या आणि तीनदा दाबून बघायच्या. शिट्टी गेली की निम्मं काम गेलं. बाईंनी विचार उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला, उत्तर तेच. पहिल्या तारखेपासून एकीला घरी बसवायचं.

कसं सांगायचं याची त्यांनी अस्वलासमोर तालीम केली. अस्वलानं फार समजूतदारपणे ऐकून घेतलं. हत्तीनंही मनाला लावून घेतलं नाही. त्या जोरावर बाई शनिवारी बाहेर आल्या, घसा खाकरला, ऐटीत एका पोत्यावर बसल्या, आणि पोत्यातली अडतीस बदकं एकदम केकाटली.

धाकटीनं हसता हसता सुई बोटात टोचून घेतली. थोरलीनं मात्र कान टवकारले.

"त्यातलं एक मुकं आहे," ती म्हणाली, आणि पोत्यात हात घालून तिनं ते खरंच शोधून काढलं.

हेच तर अवघड होतं. असा कान पंचक्रोशीत नव्हता. पण तिची नजर अधू झाली होती. तिच्या सुईत दोरा धाकटी ओवून द्यायची, आणि सोबत एक टोमणाही. धाकटीचा टाका मात्र भिंग लावूनही दिसायचा नाही.

बाईंनी डोळे मिटले आणि सांगून टाकलं. शिट्ट्या बंद. तुमच्यातली एकच राहील.



"हिला ठेवा," थोरली म्हणाली.

बाईंना भरून आलं.

"भरून कसलं येतंय, बाई. ही घरी राहिली तर दिवसभर माझे डबे उघडून बघेल. तेल इतकं कसं संपलं, साखर कुठे गेली."

"आणि जाऊबाई घरी राहिल्या तर माझं कपाट लावतील," धाकटी म्हणाली. "मागच्या वेळी लावलं तर महिनाभर मला माझा कंगवा सापडला नाही. यांनाच ठेवा."

"कपाट होतं होय ते? मी उकिरडा समजून आवरलं."

"बघा बाई, ऐका."

"हिचा टाका बघा आधी. मुंगीला सापडायचा नाही," थोरली शिवी हासडल्यासारखं म्हणाली.

"आणि यांचा कान? शेजारी मनात काय बोलतात तेसुद्धा ऐकतात."

बाईंना हसून हसून उचकी लागली. पाणी पिता पिता त्यांना एकदम सुचलं. "असं करू. सकाळी एक, दुपारी एक. निम्मा निम्मा पगार."



"म्हणजे ही आली की मी जायचं?" थोरलीनं विचारलं. "मग आम्ही भांडायचं कधी?"

"आणि निम्म्यात कुणाचंच धड भागणार नाही," धाकटी हळूच म्हणाली. ही काही थट्टा नव्हती. "अर्धंमुर्धं नको, बाई. मालकीण तुम्ही आहात. तुम्हीच सांगा."

उचकी थांबली. अस्वलासमोर घोटलेलं एकही वाक्य बाईंना आठवेना.

"धाकटी राहील," त्या म्हणाल्या. "टाक्यासाठी. वहिनी, तुमच्या कानाला माझ्याकडे आता काम नाही."

थोरलीनं मान हलवली आणि मांडीवरचा कापूस झटकला. एक पुंजका केसात तसाच राहिला, आणि कधी नव्हे ते धाकटीनं त्यावर एकही टोमणा मारला नाही.

एक तारखेला सकाळभर बाहेरच्या खोलीत इतकी शांतता होती की काका दोनदा येऊन बघून गेले. धाकटीनं अकरा ससे शिवले, एक शब्द न बोलता. साडेबाराला दार वाजलं. दारात थोरली, हातात डबा.

"मी आणलाय की माझा डबा," धाकटी म्हणाली.

"तो तुझा. हा खाण्यासारखा." मग बाईंकडे वळून, "मी कामाला नाही आले हं. भांडायला आलेय."

बाईंना असं काही हसू फुटलं की स्टूल सरकवता सरकवता त्याच त्यावर बसल्या आणि पुन्हा उठल्या. थोरली आपल्या जागी टेकली. सवयीनं तिनं एक ससा उचलला, पोट दाबलं. ससा गप्प. तिनं पुन्हा दाबलं आणि दुसऱ्या हातानं टाका चाचपला.

बाईंनी ससा तिच्या हातातून काढून घेतला. "कामाला हात लावायचा नाही, वहिनी. फुकट तर मुळीच नाही."

थोरलीचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले. मग तिनं ते मांडीवर घेतले आणि धाकटीकडे वळली.

"हं," ती म्हणाली, "सकाळपासूनचं साठलंय. आधी तू की मी?"