सहाची जुडी

नागरिकशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर चार उभ्या रेघा मारल्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी ओढली आणि म्हणाल्या, "झाली जुडी. मोजताना अशाच बांधायच्या." नेमकी तेव्हाच मुंगी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती. जुडी हा शब्द तेवढा तिने ऐकला. आता जुडी कशी बांधायची हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिची आई मंडईत पातीचा कांदा विकायची. पाच काड्या मुठीत धरायच्या, सहावी भोवती गुंडाळायची, हे तिला कळायला लागल्यापासून येत होतं.

वर्गाचा हा मोजणीचा प्रकल्प जीवनमरणाचा होता, निदान मुंगीसाठी तरी. शाळेमागच्या मोफत वाचनालयावर नोटीस लागली होती: दिवसाला सरासरी साठ माणसं येत नसतील तर कुलूप. मुंगीचे बाबा वायरमनच्या परीक्षेचा अभ्यास तिथेच करायचे. घरी एकच खोली, त्यात जुळी भावंडं. तिथे अभ्यास होणार कसला, डोंबल. बाबा दोनदा नापास झाले होते. वाचनालय गेलं की तिसरी परीक्षाही गेलीच.

सहा दिवस मुलं येणारी माणसं मोजायला पाळीपाळीने वाचनालयाच्या दारात बसली. बाईंचे नियम कडक. एक माणूस, एक रेघ. शेजारी शेऱ्यात एक-दोन शब्द: चष्मा, काठी, कडेवर बाळ. आणि कच्चा कागद काही झालं तरी फाडायचा नाही. सकाळची पाळी मुंगीने सहाही दिवस मागून घेतली.

वर्गाच्या मॉनिटरला सगळे हेडक्लार्क म्हणत. त्याने सगळ्यांच्या जुड्या मोजल्या, पाचाने गुणलं, उरलेल्या सुट्या रेघा मिळवल्या आणि रंगीत तक्ता केला. बेरीज आली तीनशे एकतीस. हवे होते तीनशे साठ.

"एकोणतीस रेघा तर मारायच्यात," हेडक्लार्क हळूच म्हणाला. "कोणाला कळणारेय?"

"मला," बाई म्हणाल्या. "जे मोजलं तेच मांडायचं."

मुंगीला बाईंचा अस्सा राग आला. त्यांना काय जातंय बोलायला, त्यांचे बाबा थोडेच नापास होणार होते. त्या दिवशी तिने डबासुद्धा उघडला नाही.

कचेरीत वाचनालय खात्याच्या साहेबांपुढे तक्ता लावला. मुंगीने पडलेल्या आवाजात सरासरी सांगितली: पंचावन्नच्या जरा वर. साहेबांनी कच्चे कागद मागितले. पेनाचं टोक रेघांवरून फिरता फिरता थांबलं.

"या जुडीत सहा रेघा आहेत. हिच्यातही सहा. सकाळच्या सगळ्याच कागदांवर. हा काय घोळ आहे?"

हेडक्लार्कचा चेहरा पांढराफटक पडला.

"जुडी सहाचीच असते ना?" मुंगी म्हणाली. "पाच उभ्या, सहावीने बांधायची."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, मी पाचाची शिकवली होती."

"मग ही आडवी म्हणजे नुसता दोरा?" साहेबांनी विचारलं.

"नाही, माणूस. शेरे मोजा ना."

साहेबांनी मोजले. टोपी, काठी, दोन वेण्या, चष्मा, छत्री, आणि आडव्या रेघेपुढे प्लास्टरमधला हात. प्रत्येक जुडीला सहा शेरे. अशा जुड्या एकतीस. हेडक्लार्क तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "एकतीस वाढले. तीनशे बासष्ट."

"थांबा," साहेब म्हणाले. "हे रोज एकदा 'बाबा' लिहिलंय, ते कोण?"

सहा रेघा गेल्या तर तीनशे छप्पन्न. एखादे दाढीवाले बाबा, असं सांगून मुंगीला सुटता आलं असतं. तिने बाईंकडे पाहिलं.

"माझे बाबा," ती म्हणाली. "वायरमनच्या परीक्षेला बसतायत. रोज आत बसून वाचतात, म्हणून मोजले."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "वाचणारा कोणाचा बाप आहे, हे नियमात कुठे विचारलंय?" असं म्हणत त्यांनी तक्त्यावरचा आकडा खोडला, शेजारी तीनशे बासष्ट लिहिलं आणि खाली सही ठोकली. मुलांनी कचेरी डोक्यावर घेतली. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या दारावर नोटीस नव्हती. बाबा पुस्तकं घेऊन आले, तर पायरीवर मुंगी बसलेली.

"आज पण मोजतेयस?"

"नाही," मुंगी म्हणाली. "आज बजावायला आलेय. आता नापास होऊन तर दाखवा."