चुकलेल्या खाचेतला थेंब

मी एक पेटी आहे. काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची, पावाच्या डब्यापेक्षा थोडी लहान. तळाशी केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार, झाकणाला एक तांबडी आणि एक काळी वायर. आयर्लंडमधल्या मीथ परगण्यात, गोमांस तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझं सगळं आयुष्य गेलं.

माझं काम तसं साधं. जनावर कापल्यावर त्याचं मांस थंड खोलीत टांगून ठेवतात. दिवस जातात तशी स्नायूंमधली काही प्रथिनं तुटतात आणि मांस मऊ पडतं. काही जनावरांचं मात्र किती टांगलं तरी चिवटच राहतं. यातलं कोणतं कसं, हे कळायला मांसाचा कण वाटायचा, निळ्या द्रावणात कालवायचा आणि माझ्या पोटातल्या खारट पाण्यात उभ्या केलेल्या जेलच्या पातळ वडीच्या खाचांमध्ये थेंबाथेंबानं सोडायचा. मग वीज सुरू करायची. मोठी प्रथिनं वर अडकून राहतात, तुटलेले लहान तुकडे खाली पळतात. जेल रंगवलं की निळ्या पट्ट्या उमटतात. मांस मऊ पडलेलं असेल तर खाली एक जास्तीची पट्टी दिसते. भुवईएवढीही नसते ती, पण सगळे तिच्याकडे डोळे लावून बसतात.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते एथना हॅनरटीनं. ती तेव्हा नुकती नोकरीला लागली होती. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. खाच सुईच्या नेढ्यापेक्षा जराशीच मोठी, पण तिचा थेंब कसा अलगद तळाशी जाऊन बसायचा! थेंब सोडताना माणसं श्वास रोखून धरतात. एथना मात्र गुणगुणायची. वीज सुरू केली की माझ्या झाकणावर टिचकी मारून म्हणायची, "चला रे बाळांनो, पळा आता."

समोरच्या टेबलावर लॉर्कन टूही बसायचा. तिच्याहून वयानं लहान, तिच्याच हाताखाली शिकलेला. "तुझ्या पोरांनी तरी इतकं ऐकलं असतं का गं?" असं तो चिडवायचा. "पोरं नाहीत म्हणून तर तुला सांभाळतेय," असं ती म्हणायची. मला वाटायचं, हे असंच चालत राहील.

मग एका हिवाळ्यात तिचं गुणगुणणं थांबलं. थेंब सोडायची नळी, म्हणजे पिपेट, धरलेला उजवा हात ती डाव्या हातानं आधारायला लागली. पुढे पुढे कोपर टेबलाला टेकवायची. मला तिच्या बोटांची थरथर पाण्यातून जाणवायची, कारण पिपेटचं टोक माझ्या कडेवर टकटक वाजायचं.

त्याच सुमारास पॅडर गॉर्मली आला. लीट्रिम परगण्यातला शेतकरी, उंच आणि वाकलेला, कानावरून टोपी ओढलेली. त्याचा फेलिम नावाचा तांबडा-पांढरा वळू होता. त्याची पैदास पुढे चालू ठेवायची की नाही, हे गोपैदास मंडळाला ठरवायचं होतं. फेलिमच्या गोऱ्ह्यांचं मांस कापायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या यंत्रानं धड हो म्हटलं नव्हतं, धड नाही म्हटलं नव्हतं. आता सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं.

"डॉक्टरबाई," पॅडर म्हणाला, "स्वभावानं तर तो लोण्यासारखा आहे. माझी बहीण ऊना त्याच्या शिंगांवर धुणं वाळत घालेल, इतका."

एथना हसली. "स्वभाव नाही हो दिसत या पेटीत. मांस मऊ आहे की नाही, एवढंच कळतं."

"मग बघा. खोटं सांगू नका म्हणजे झालं."

जेल भरायच्या दिवशी एकेका वळूसाठी शेजारी शेजारी दोन खाचा होत्या. एकीत पहिल्या दिवशीचं मांस, दुसरीत बरेच दिवस टांगून मुरवलेलं. दुसरीत ती खालची पट्टी उमटली की वळू जिंकला. फेलिमची पाळी आली. पहिला थेंब सोडताना एथनाचा हात उडाला आणि पहिल्या दिवशीच्या मांसाचा थेंब सरळ शेजारच्या खाचेत उतरला. हात सावरण्याच्या नादात तिला ते कळलं नाही. पहिली खाच कोरी दिसली, म्हणून तिनं त्याच मांसाचा आणखी एक थेंब तिथे सोडला. मग मुरवलेल्या मांसाचा थेंब घेतला. पण दुसरी खाच आधीच भरलेली होती. तो काठावरून ओसंडला आणि पाण्यात विरून गेला.

लॉर्कन मान वर करून बघत होता. थेंब कुठे गेला ते त्याला दिसलं नसेल, पण हात दिसला.

"आज चहा जास्त झालेला दिसतोय," तो हळूच म्हणाला.

"मग तू कमी पी."

"मी भरू का उरलेलं?"

"का? माझा हात काय भाड्यानं आणलाय?"

त्यानं मान खाली घातली. मी ओरडायला हवं होतं. पण वीज सुरू झाली की माझ्यातून फक्त बारीक बुडबुडे निघतात. तेवढाच माझा आवाज.

खालची पट्टी उमटली नाही. असं जेल दुसऱ्यांदा चालवून बघायची पद्धत होती. एथनानं स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्पष्ट आहे की. चिवट आहे." मंडळानं तेच धरलं. फेलिम कत्तलखान्यात गेला.

वसंतात एथनाला कोटाची बटणं लावता येईनात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुसऱ्या दिवशी ती आली ती कोट न काढताच लॉर्कनपुढे उभी राहिली.

"हिवाळ्यापासून माझ्या हातानं भरलेलं सगळं तू पुन्हा कर. आधी गॉर्मलीचं."

गोठवून ठेवलेलं मांस लॉर्कननं बाहेर काढलं. माझ्यात भरलं. जेल रंगवून उजेडावर धरलं तेव्हा खालची पट्टी लांबूनही दिसेल इतकी ठळक होती.

"मला तुझा हात दिसला होता," लॉर्कन म्हणाला. "तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

"ठाऊक आहे मला. आणि तू गप्प बसलास याचं मला बरं वाटलं होतं, हे कुणाला सांगू?"

फोनवर सांगायची तिची तयारी नव्हती. तिनं पॅडरला बोलावून घेतलं. त्याच्यापुढे दोन्ही जेलं ठेवली आणि काही न लपवता सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि वाकून त्या निळ्या पट्टीवर बोट टेकवलं.

"म्हणजे मऊ होता तर."

"हो."

"ऊना अजून संध्याकाळी त्याच्या गोठ्याला कडी घालून येते. मी म्हटलं, आत कोण आहे आता? तर म्हणते, सवय."

एथना रडायला लागली. पॅडरनं तिच्या हाताकडे पाहिलं. तो टेबलावर आपोआप हलत होता.

"किती दिवस झाले हे?"

"पुष्कळ."

"आमच्या आईचंही असंच होतं. आम्हीही कुणी बोललो नाही. एक दिवस उकळतं पाणी सांडलं अंगावर." त्यानं टोपी घातली. "मी तुम्हाला माफ केलं असं आज म्हणणार नाही, बाई. फेलिमच्या दोन कालवडी आहेत. त्यांच्या वासरांचं मांस येईल कधीतरी. तेव्हा भरणार कोण?"

"लॉर्कन."

"बरं," असं म्हणून तो गेला.

एथनानं त्यानंतर पिपेट हातात घेतली नाही. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी केक खाल्ला, भाषणं केली, तिच्या हाताबद्दल कुणीच काही बोललं नाही. जाताना ती माझ्याकडे आली. टिचकी मारायला तिनं बोट उचललं, पण ते झाकणावर नीट पडेना. मग तिनं अख्खा तळवा माझ्यावर ठेवला. माझ्या पोटातलं पाणी हललं.

आता प्रथिनं मोजायला खोलीएवढं मोठं यंत्र आलंय. माझी तार काढून घेतली, कडेला चीर गेली. भांडारातल्या खोक्यात, उद्या भंगाराची गाडी उचलेल त्या ढिगात मी पडले आहे. त्याचं दुःख नाही. जुन्या वस्तूंचं असंच होतं.

तुम्ही मात्र एक करा. शेजारी बसणाऱ्याचा हात थरथरताना दिसला तर नजर वळवू नका. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. मला वाचा नव्हती. लॉर्कनला होती.