काळ्या रेषेची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे. उंचीला वीतभरसुद्धा नाही, आणि रूपाचं म्हणाल तर बोलायलाच नको. माझ्या तोंडावर सुईसारखं पोकळ टोक बसवलेलं आहे. पोटात पांढरा गोंद आणि काळा रंग कालवून भरायचा आणि मला दाबायचं, की टोकातून काळी, फुगीर रेषा बाहेर पडते. एवढ्या एका कामापायी मी एका घरात पंधरा वर्षं मानानं राहिले.

कारखान्यात एकाच साच्यातून आम्ही हजारो जणी निघालो. बहुतेकींच्या नशिबी शिलाई मशीनचं तेल आलं. मला दुकानातून उचललं ते थोरलीनं. थोरली आणि धाकटी या दोघी बहिणी, दोघींचेही केस पिकलेले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, मोठ्या खिडकीपाशी टेबल मांडून त्या भेटकार्डं बनवायच्या. रंगीत काचेच्या खिडकीसारखी दिसणारी कार्डं. खरी काच त्यात नावालाही नव्हती.

थोरली कार्डाच्या पुढच्या पानाला कटरनं चौकोन कापायची. मग चित्रावर पारदर्शक शीट ठेवून माझ्याकडून रेषा ओढून घ्यायची. पानं, नावा, पक्षी. रेषा वाळल्या की धाकटी त्यांच्या मधल्या जागांत स्पिरिटचे रंग सोडायची. नियम एकच होता, पण कडक होता. प्रत्येक जागा रेषेनं पूर्ण बंद झालेली हवी. केसाएवढी फट राहिली तरी लाल रंग निळ्यात घुसतो आणि सगळ्या मेहनतीवर पाणी फिरतं. शेवटी ती शीट चौकोनामागे चिकटवायची. कार्ड उजेडासमोर धरलं की बघणारा गप्पच व्हायचा.

"या ताईंची रेषा मी झोपेतसुद्धा ओळखेन," असं कार्डं विकणारा दुकानदार म्हणायचा. ते ऐकून मी टोपणाआड फुगून बसायची. काम संपलं की थोरली माझ्या टोकात टाचणी खुपसून ठेवायची, म्हणजे आतला गोंद वाळत नसे. एवढी काळजी तर तिनं स्वतःच्या चष्म्याचीही कधी घेतली नाही.

मग एक दिवस मला तिच्या बोटांत थरथर जाणवली. ती सगळ्यात आधी मलाच कळली. पानाच्या देठापाशी रेषा तुटली आणि तिला ते दिसलं नाही, कारण नजरही अधू होऊ लागली होती. मी काय करणार? दाबाल तेवढंच मी देणार. फट दिसत असून मला ती बुजवता आली नाही.

धाकटीला मात्र दिसली. दुपारी थोरली आडवी झाल्यावर तिनं हळूच मला उचललं, थेंब थेंब सोडून फट बुजवली आणि मला जागच्या जागी परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बघता बघता दोन वर्षं गेली. फटी वाढत गेल्या आणि धाकटीच्या दुपारच्या झोपेला कायमची सुट्टी मिळाली. थोरली कार्ड हातात घेऊन म्हणायची, "हात अजून साथ देतोय बघ." धाकटी म्हणायची, "देणारच ना, ताई." आणि मी मूग गिळून बसायची.

एकदा दुकानदारानं खंड्या पक्ष्याची बारा कार्डं मागितली. थोरली हरखून गेली. दिवसभर बसून तिनं बारा शीटवर बारा पक्षी काढले. संध्याकाळी टाचणी काही केल्या माझ्या टोकात जाईना. तीनदा तिनं स्वतःच्याच बोटाला टोचून घेतलं. मग टाचणी बाजूला ठेवून तिनं नुसतं टोपण लावलं.

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दुपारी मी पार सुकून बंद पडले होते. धाकटीनं मला दाबलं, पिळलं.

"अगं, आजच का असं करतेस?" ती माझ्याशी पुटपुटली.

आतल्या खोलीत पलंग करकरला. थोरली कधीही उठली असती. घाबरून धाकटीनं पत्ते लिहायचा काळा मार्कर घेतला आणि सगळ्या फटी त्यानं भरून टाकल्या. मित्रांनो, गोंदाची रेषा स्पिरिटला दाद देत नाही, पण मार्करची शाई त्यात विरघळते. मला हे ठाऊक होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. संध्याकाळी तिनं रंग सोडले आणि मी नुसती बघत राहिले.

सकाळी बाराही पक्षी काजळी माखल्यासारखे झाले होते. थोरलीनं एक शीट खिडकीपाशी नेली, डोळ्यांजवळ धरली आणि खाली ठेवली.

"माझ्या रेषा काळं सोडायला लागल्या," ती म्हणाली. "दुकानदाराला कळव. आता पुरे झालं."

इथं धाकटीला वेळ मारून नेता आली असती. पण ती म्हणाली, "ताई, तुझ्या रेषा नाही. मी मार्कर वापरला."

"कशासाठी?"

धाकटीची नजर माझ्या सुकलेल्या टोकाकडे गेली. थोरलीनं तिच्याकडे पाहिलं आणि मला तिच्यापुढे सरकवलं. "हिला मोकळी कर."

धाकटीनं मला गरम पाण्यात बुडवून, टाचणीनं टोकरून मोकळं केलं. थोरलीनं कोऱ्या शीटवर एक पान काढलं. साधं, पिंपळाच्या पानाएवढं.

"कुठे तुटलंय? खरं सांग."

"देठाशी."

"आणि?"

"टोकाशी. आणि डावीकडे दोनदा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली गं. तुला वाईट वाटेल म्हणून..."

थोरली रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी जाड टोक लावलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "मोठी पानं, मोठे पक्षी काढले असते. चार वर्षं सहज निघाली असती."

धाकटी त्याच पावली बाजारात गेली आणि जाड टोक घेऊन आली. माझ्या तोंडावर ते बसवलं आणि रुंद टोकातून रेषा पसरू नये म्हणून पोटात दाट गोंद भरला. थोरलीनं मला हातात धरलं, दाबलं. टोकावर एक काळा थेंब आला आणि तिथंच थांबला. एवढा दाट गोंद ढकलायची ताकद तिच्या बोटांत आता उरली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी पुन्हा दाबून पाहिलं, मग मला टेबलावर ठेवून दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा हात असा थरथरताना दिसला, तर मायेपोटीसुद्धा त्याच्या फटी लपून बुजवू नका. जवळ बसा आणि त्याच दिवशी सांगा. त्या माणसाला वाईट वाटेल, कदाचित तो दोन दिवस बोलणारही नाही. पण तेव्हा त्याच्या बोटांत जाड टोकातून रेषा काढण्याइतका जोर असेल.