मोडलेली सवय

डॉक्टरीणबाईंनी गुड्डीला दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन यायला सांगितलं. सात वर्षांची पोर गेली आणि भिंतीला धरत धरत परत आली. ओठ जांभळे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती. पण ती उभीच राहिली.

चालताना ही मधेच उकिडवी बसते का, असं बाईंनी विचारलं.

तिचा बाप हेमराज मोठ्या समाधानाने म्हणाला, "पयले बसे, मॅडम. लय जिद्दी होती. म्या मोडली सवय."

बाईंचा पेन कागदावर थांबला. मग त्यांनी सावकाश समजावलं. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारी रक्ताची वाट पोरीला जन्मापासूनच अरुंद होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलं की तेवढ्यापुरतं रक्त तिकडे जास्त जातं. महिन्याभराने नागपूरला ऑपरेशन होईल. तोवर दम लागला की तिने बसलंच पाहिजे, नाहीतर जिवावर बेतेल.

"कोणी शिकवलं नव्हतं तिला," बाई म्हणाल्या. "स्वतःच शोधलं होतं तिने."

सवय मोडली कशी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं हेमराजला वाटलं. माणूस दुष्ट नव्हता. शाळेच्या वाटेवर, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून चालताना पोर दर दहा पावलांना बसायची, मागून येणाऱ्या रोवणीच्या बाया हसायच्या. आळशी पोरीचं पुढे कसं व्हायचं, या काळजीने त्याने तळ्याकाठच्या बेशरमाच्या झुडपाची फोक छडीसारखी तोडली होती. पावसाळाभर ती छडी त्याच्या उजव्या हातात होती.

भंडाऱ्याच्या स्टँडवर गावाकडे जाणारी पवनीची गाडी लागलेली दिसली. तिथवर पोचेपर्यंत गुड्डीचा श्वास तुटायला लागला. नखं काळीनिळी झाली. तिने खांबाला मिठी मारली.

"बस, गुड्डी."

"नाई बाबा." ती कशीबशी हसली. "मी शाहानी झाली ना आता."

आजूबाजूच्या माणसांची पर्वा न करता हेमराज तिच्यासमोर धुळीत उकिडवा बसला.

"हे पाह्य, मी बसलो. तू पन बस, माय."

कंडक्टरने घंटी दिली, गाडी निघून गेली. गुड्डी खांबाला धरून उभीच होती. ती त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हती, त्याच्या उजव्या हाताकडे पाहत होती.