जनरलसाहेबांनी लिहवलेलं पान

आमच्याकडे सरदार वारला की पुरण्याआधी पाद्रीनं त्याची सगळी हकिगत, जन्मापासूनची, चर्चमध्ये वाचून दाखवायची. जनरल एब्बे राव्हन्स्कोव यांनी ती अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्याकडून स्वतःच लिहवून घेतली. मी त्यांच्या फौजेतही पाद्री होतो.

सोळा पूर्वजांची नावं लिहून झाली, जर्मनीतल्या मोहिमा झाल्या, राजानं गळ्यात घातलेली सोन्याची साखळी झाली. मग म्हणाले, "आता आपल्या गावाचं लिहा."

माझा हात थांबला. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात स्वीडिश फौज आमच्या पाठीवर होती. शत्रूला छप्पर मिळू नये म्हणून जनरलनी स्वतःचंच गाव पेटवायचा हुकूम दिला, फक्त चर्च सोडून. बायकापोरांना मी चर्चमध्ये बसवलं, शिपायांनी छळू नये म्हणून बाहेरून कुलूप घातलं आणि फौजेबरोबर पुढे निघालो. वारा फिरला, चर्चही पेटलं. एकेचाळीस माणसं गेली. किल्ली माझ्या खिशात होती.

आग स्वीडिश फौजेनंच लावली, असं सगळे समजले. पुढे त्याच जागी नवं चर्च झालं आणि जनरलनी मलाच तिथे नेमलं. प्रवचनाला उभा राहिलो की मागच्या बाकांकडून जळक्या लोकरीचा वास येतो. कुणीतरी आतून दार ठोठावत राहतं.

जनरलनी लिहवलं, 'आग मी लावली. दोष माझा.' कुलपाचं त्यांना ठाऊकच नव्हतं.

अंत्यविधीच्या सकाळी त्यांच्या पत्नीनं मला गाठलं. "पाद्रीबुवा, ते पान गाळा. आमच्या मुलाला अजून पलटण मिळायचीय. मेलेल्यांना कसली घाई?"

मी गाळलं नाही. पान शब्दन्शब्द वाचलं. बाईसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मागे दार धडाधड वाजत होतं, माझ्या एकट्यासाठी. आता फक्त माझं एक वाक्य उरलं होतं. ते बोललो असतो तर सुटलो असतो. मी तोंड उघडलं आणि "आमेन" म्हणालो.

लोक बाहेर पडताना बोडिल दारात थांबली. ती त्या दिवशी गाय घेऊन रानात लपली होती म्हणून वाचली. तिच्या दोन्ही मुली आत होत्या.

"तुम्ही होतात म्हणून आज खरं कळलं हो," ती रडत म्हणाली. "दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती. आणि कुलूप? तेही त्या मेल्यानंच घातलं ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं, आणि शवपेटीवर थुंकायला पुन्हा आत गेली.