एक इंच उंच

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. पुढे दोघांपुरती जागा, मागे उघडा हौदा, आणि रंग निळा. म्हणजे कागदोपत्री निळा. उन्हाने त्याचं काय केलंय ते विचारू नका.

कारखान्यातून निघाले ती थेट एका लाँड्रीच्या दारात येऊन उभी राहिले. लाँड्री ताईची. धाकट्या भावाला हाताशी धरून तिने ती उभी केली होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे न्यायचे, धुऊन-इस्त्री करून पोचवायचे, हे आमचं काम. धाकटा मला चालवायचा आणि ताई शेजारी बसायची. मांडीवर पिशवी आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"पुढे खड्डा आहे. दिसतोय, की उतरून दाखवू?"

"ताई, तूच चालव. मी पिशवी धरून बसतो."

असं रोज चालायचं. मला ते इंजिनाच्या आवाजाइतकं सवयीचं झालं होतं. हॉटेलांच्या मागच्या दारी ताई उतरली की तिथली माणसं सावरून उभी राहत. कुठल्या पडद्याला किती गरम पाणी सोसेल, हे सगळे तिलाच विचारत.

मग माझे टायर गुळगुळीत झाले. टायरवाला धाकट्याला म्हणाला, "रिम आहे तीच राहू द्या. तिच्यावर एक नंबर मोठा टायर झकास बसतो. मग बघा गाडीचा रुबाब!"

रुबाब हा शब्द धाकट्याला फार आवडला. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला. जुन्याच रिमांवर जाडजूड, काळेभोर टायर चढले. जॅक काढला तेव्हा मी पहिल्यापेक्षा एक इंच उंच झाले होते. रस्त्यात लोक वळून बघू लागले. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

ताई बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "न विचारता आणलेस?"

"सरप्राईज, ताई!"

"हं. छान आहेत."

तिने दाराची मूठ धरली, पाय वर टाकला आणि अडली. तिचा उजवा गुडघा केव्हापासून कुरकुरत होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला ठाऊक होतं. रोज तिचा भार माझ्याच मुठीवर यायचा. माझ्या आधीच्या उंचीपुरतं त्या गुडघ्याचं बळ कसंबसं पुरत होतं. वरचा एक इंच त्याला जड गेला. कशीतरी चढली आणि वाटेत एकाही खड्ड्याबद्दल बोलली नाही.

थोडे दिवस तिने असेच रेटले. मग म्हणाली, "तू हो पुढे. मी इथलं बघते." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या जागेवर चादरींची चळत बसू लागली. स्टूल घेऊन चढता आलं असतं, तुम्ही म्हणाल. पण मग प्रत्येक हॉटेलाच्या दारात स्टूल काढावं लागलं असतं, आणि ताईसारख्या बाईला ते मेल्याहून मेल्यासारखं.

धाकट्याला वाटलं, न विचारता टायर घेतले म्हणून रुसली. "रुसू दे, येईल आपोआप," असं तो टायरवाल्याला हसत सांगत होता. हॉटेलवाल्यांनी विचारलं, "ताईंनी काम सोडलं का? आता तुमच्याशीच बोलायचं ना?" तेव्हा त्याची कॉलर जरा ताठ झाली. घरी येऊन तो ताईला म्हणाला, "तुझ्यावाचून काही अडत नाही आता. आराम कर तू." बोलला मायेनेच. ताईने मात्र एकाच उशीच्या अभ्र्यावरून कितीतरी वेळ इस्त्री फिरवली.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. माझ्याकडे हॉर्न होता, पण तोही धाकट्याच्या तळव्याखाली. मी त्याच रुबाबात रस्त्याने हिंडत राहिले, आणि एक बाई तिच्याच धंद्यातून हळूहळू उतरत गेली.

एका दुपारी मी मागच्या अंगणात उभी होते. दोऱ्यांवर चादरी वाळत होत्या. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून ताई आली. तिने मूठ धरली, पाय टाकला, घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. माझ्या पत्र्याला कपाळ टेकून ती हळूच म्हणाली, "तूसुद्धा वर जाऊन बसलीस ना गं?"

मला तिथल्या तिथे चारी टायरांतली हवा सोडून द्यावीशी वाटली.

आणि दोन चादरींच्या फटीत मला धाकटा दिसला. हातात चिमटे तसेच. तो पुढे आला नाही, हाकही मारली नाही. पाय न वाजवता मागच्या मागे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला टायरवाल्याकडे नेलं. "पहिल्या नंबरचे टाक."

"डोकं ठिकाणावर आहे का? नवेकोरे आहेत हे!"

"घासतायत."

"कुठे घासतायत?"

"घासतायत म्हणतो ना!"

मी कुठेच घासत नव्हते. टायरवाल्याने माझ्या मडगार्डखाली वाकून बघितलं, मग धाकट्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि गुपचूप पाना उचलला.

घरी येऊन धाकटा जमिनीकडे बघत ताईला म्हणाला, "टायर घासत होते. गाडीला मानवले नाहीत. उद्यापासून चल तू. हॉटेलवाले माझं ऐकत नाहीत."

ताई माझ्याभोवती फिरली. मडगार्डच्या आतून तिने हात फिरवला. घासल्याचा ओरखडा तिला मिळाला नाही; मिळणार कुठून? तिने वळून भावाकडे बघितलं. टायर न मानवल्याचा आळ मी मुकाट्याने अंगावर घेतला. माझा खरा गुन्हा त्याहून मोठा होता.

"घासत होते म्हणे," ताई पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, "बघतोयस काय? ती चळत उचल माझ्या जागेवरून."

मित्रांनो, एवढीच विनंती आहे. आपल्यासोबत येणारं माणूस एकाएकी यायचं थांबलं, तर ते रुसलं असं धरून बसू नका. आपण किती उंच झालो ते आधी बघा. माझ्या लक्षात ते आलं होतं, आणि तरीही मी मिरवत राहिले.